गढीतल्या शिशाच्या गोळ्या : ओळख पटवण्याच्या नोंदी

५ सप्टेंबर २०२४, अंबाजोगाई तालुका

पोळ्याच्या पावसानं आजोळच्या गढीचा पूर्वेकडचा बुरूज ढासळला. मातीचा ढिगारा उपसताना मामांना सागवानी पेटी सापडली. आतल्या जुन्या धोतराच्या फडक्यात ३१ शिशाच्या गोळ्या आणि पितळेची एक रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं टरफल, होती. भरलेलं काडतूस एकही नाही. दारू नाही, साचा नाही, हत्यार नाही. ढिगाऱ्याच्या मातीत आणखी एक गोळी निघाली. तिचं नाक चेपलंय, म्हणजे ती झाडली गेलेली आहे. एकूण ३२.

काही गोळ्या हाताला चमत्कारिक जड लागतात. मी टूलरूममध्ये काम करतो. कुठल्या आकाराचं शिसं किती वजनाचं असायला हवं याचा हाताला थोडा अंदाज आहे, आणि त्या अंदाजात या बसत नाहीत. मामांना म्हटलं, आहेत तशाच फडक्यात ठेवा, धुवू नका, घासू नका. वरचा पांढरा थर हा शिशाचा गंज आहे आणि तो विषारी आहे. पोरांना पेटीजवळ येऊ द्यायचं नाही, हात लावलाच तर साबणानं धुवायचे, आणि पेटी स्वयंपाकघरात तर अजिबात ठेवायची नाही.

मोजमाप नंतर. आधी ठाणं.

८ सप्टेंबर

पेटी पोलीस ठाण्यात जमा केली. गावात काही जणांचं मत होतं की नुसत्या गोळ्या आहेत, शिशाचे तुकडे, त्याला काय होतंय. होतंय. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे तिच्यात काडतुसाचे सुटे भाग येतात आणि ते बनवण्याची सामग्रीही येते. म्हणजे गोळ्या ओतायचा साचा सापडला असता तर तोही जमा करावा लागला असता. वाड्यात, गढीत असं काही निघालं तर घरात ठेवून त्याचा अभ्यास करायचा नाही. लेखी अर्ज, पंचनामा, डायरीत नोंद, आणि अर्जाची पोच आपल्याजवळ. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण मराठवाड्यात दर पावसाळ्यात कुठली ना कुठली गढी ढासळते आणि अशा पेट्या निघतात. लोक घाबरून त्या विहिरीत टाकतात, नाहीतर भंगारात देतात. दोन्हीत पुरावा जातो.

ठाण्यातल्या साहेबांना विनंती केली की तिथंच, त्यांच्या समोर, गोळ्यांना इजा न करता मोजमाप करू द्यावं. त्यांनी अर्ज ठेवून घेतला. सध्या गणपतीचा बंदोबस्त आहे, विसर्जन झाल्यावर या म्हणाले.

१७ सप्टेंबर

आज मुक्तिदिन. सकाळी शाळेत झेंडावंदन झालं, दुपारी मामांकडून पेटीबद्दल घरात जे सांगतात ते सगळं लिहून घेतलं. मामांचे आजोबा गढीचे शेवटचे देशमुख. घरात सांगतात की त्यांच्याकडं ‘छावणीतलं’ रिव्हॉल्व्हर होतं आणि रझाकारांच्या काळात ते रात्री उशाशी घेऊन झोपत. गोळ्या मिळेनात तेव्हा घरीच ओतल्या, असंही सांगतात.

कागदावर जे पक्कं आहे ते असं. अंबाजोगाई म्हणजे निजामाच्या काळातलं मोमिनाबाद, आणि तिथं हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेच्या, घोडदळाची छावणी होती. १९०३ मध्ये कंटिंजंटचं वेगळं अस्तित्व संपलं, पलटणी भारतीय सैन्यात गेल्या. त्या काळात इंग्रज अधिकारी आपलं रिव्हॉल्व्हर बहुधा पदरचे पैसे घालून विकत घेत. वेब्ली कंपनीचं .४५५ इंची रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्यात १८८७ पासून होतं. पोलीस ॲक्शन १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. या दोन काळांच्या मध्ये एखादं छावणीतलं हत्यार गढीत येणं अशक्य नाही. पण अशक्य नाही म्हणजे झालंच, असं मी लिहिणार नाही. वहीत दोन रकाने केलेत: घरात सांगतात ते डावीकडं, गोळी सांगेल ते उजवीकडं. डावीकडचं काही पुसायचं नाही आणि पुराव्याशिवाय उजवीकडं न्यायचं नाही.

२४ सप्टेंबर

परवानगी मिळाली. मुद्देमाल कारकुनांच्या टेबलाशेजारी जागा दिली. पांढरा कागद, हातमोजे, मायक्रोमीटर, भिंग, मोबाइलचा टॉर्च.

पहिलं माप व्यासाचं. वजन नंतर. अनोळखी गोळीचं वजन आधी केलं की मनात लगेच एखादं नाव येऊन बसतं आणि पुढची सगळी मापं त्या नावाकडं ओढली जातात. व्यासानं तसं होत नाही. गोळी कुठल्या नळीत जाऊच शकत नाही हे व्यास आधी सांगतो, आणि निम्मी नावं तिथंच गळतात.

व्यास घेताना एक काळजी. ओतीव गोळीला दोन्ही बाजूंना साच्याच्या जोडाची रेघ असते, फाउंड्रीतली पोरं तिला पार्टिंग लाइन म्हणतात. साच्याची दोन पाळी नीट बसली नसतील तर त्या रेघेवर माप जास्त येतं. म्हणून रेघेवर एक माप आणि रेघेला काटकोनात एक, अशी दोन्ही घेतली. पुढं जे आकडे लिहिलेत ते काटकोनातले.

तीन गट पडले.

पहिला गट १४ गोळ्यांचा. व्यास ९.१७ मिमी, म्हणजे .३६१ इंच. लांबट, बोथट गोल नाकाच्या, ओतीव.

दुसरा गट ६ गोळ्यांचा. व्यास ११.५५ मिमी, म्हणजे .४५५ इंच. जोडाची रेघ नाही, ओतमुख कापल्याची खूण नाही, अंग एकसारखं गुळगुळीत. या दाबून बनवलेल्या, कारखान्यातल्या. बुडाला खोल शंकूसारखी पोकळी. दोघींच्या अंगावर पकडीचे दात उमटलेत, म्हणजे कुणीतरी त्या काडतुसातून ओढून काढल्या आहेत.

तिसरा गट ११ गोळ्यांचा. दुसऱ्या गटासारखंच नाक, तशाच ग्रीसच्या खाचा, पण बूड सपाट आणि भरीव. जोडाची रेघ ठळक. व्यास ११.४५ मिमी, फक्त दोघींचा ११.४९. हाताला जड लागल्या त्या याच.

कारकून म्हणाले, “साहेब, तळाकडूनच का बघायलाव सगळ्या?” त्यांना भिंगातून दाखवलं. नाक सगळ्यांचं चेपतं, घासतं, गंजतं. बूड पुंगळीच्या आत राहतं, म्हणून शाबूत राहतं. शिवाय गोळी कशी बनली याची खूण बुडावरच असते: दाबलेली असेल तर ठशाची गुळगुळीत पोकळी, ओतलेली असेल तर ओतमुख कापल्याचा खरबरीत गोल. काही साच्यांत ओतमुख नाकाकडं असतं, पण या तिसऱ्या गटात ते बुडालाच आहे आणि सुरीनं कापलंय. सुरी कुठून कुठं गेली ते शिशावर ओढल्यासारखं दिसतं.

२५ सप्टेंबर

मोंढ्याजवळच्या सराफांनी, आप्पांनी, आपला मिलीग्रॅमचा काटा ठाण्यात आणून दिला. वजनाचे कागद त्यांनीच लिहिले. त्यांना ग्रॅमपेक्षा तोळा जवळचा, आणि इथं तोळ्याचा खरोखर उपयोग झाला. जगभर गोळ्यांचं वजन ग्रेनमध्ये सांगतात, आणि इंग्रजांनी ठरवलेला आपला तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६४ ग्रॅमचा. त्यामुळं आप्पांचा आकडा १८० नं गुणला की झालं.

पहिला गट: १२.९ ग्रॅम, तोळ्याला थोडी वर, १९९ ग्रेन.
दुसरा गट: १७.१ ग्रॅम, दीड तोळ्याला थोडी कमी, २६४ ग्रेन.
तिसऱ्या गटातल्या ९ गोळ्या: १७.८ ग्रॅम, दीड तोळ्याला थोडी वर, २७४ ग्रेनच्या पुढं.
तिसऱ्या गटातल्या ११.४९ व्यासाच्या २ गोळ्या: १६.५ ग्रॅम, २५५ ग्रेन.

गंजाचा थर धरून वजनात इकडंतिकडं होणारच, म्हणून दशांशाच्या पुढं मी फार विश्वास ठेवत नाही.

दुसऱ्या गटाचा निकाल लागला. .४५५ वेब्लीची ब्रिटिश लष्करी शिशाची गोळी २६५ ग्रेनची, बुडाला पोकळ. व्यास, वजन, बूड तिन्ही जुळतात. त्याच रिव्हॉल्व्हरसाठी १८९८ ची एक ‘मॅनस्टॉपर’ गोळी होती, २१८ ग्रेनची, दोन्ही टोकांना वाटीसारखी खोलगट. तसली यात नाही.

२ ऑक्टोबर

पहिल्या गटावर फार वेळ घालवायची गरज पडली नाही. .३८ च्या रिव्हॉल्व्हरला साधारणपणे १५८ ग्रेनच्या आसपासची गोळी असते, त्यामुळं २०० ग्रेन म्हटलं की माणूस थबकतो. पण इतकी जड .३८ गोळी ब्रिटिशांनी मुद्दाम घेतली होती. पहिल्या महायुद्धानंतर .४५५ च्या जागी हलकं, कमी धक्क्याचं रिव्हॉल्व्हर हवं होतं, म्हणून लहान व्यासात जड आणि संथ गोळी बसवली. तेच .३८/२००. शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांना मनाई करणाऱ्या हेग कराराच्या दृष्टीनं नागडं शिसं अडचणीचं ठरेल म्हणून १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिच्या जागी धातूचं आवरण असलेली १७८ ग्रेनची गोळी आली.

अमेरिकेतही .३८ स्पेशलसाठी २०० ग्रेनची गोळी निघायची, पण तिचा व्यास .३५८ इंच, म्हणजे ९.०९ मिमी. आपली ९.१७. आठ शतांश मिलिमीटरचा फरक मायक्रोमीटरवर स्वच्छ दिसतो. आणि पेटीतल्या पुंगळीनं शंकाच ठेवली नाही. तिची लांबी १९ मिमीच्या थोडी पुढं; .३८ स्पेशलची पुंगळी २९ मिमीच्या वर असते. हिरवट गंजातून तळावर ‘के एफ’ ही अक्षरं आणि ३८० चा आकडा वाचता येतो. के एफ म्हणजे किरकी, आपली खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा.

एक गोष्ट नोंदवायलाच हवी: या चौदाही गोळ्या ओतीव आहेत, सरकारी नव्हेत. सरकारी वजन आणि व्यास धरून कुणीतरी चांगल्या, धातूच्या, तयार साच्यात त्या ओतल्यात. जोडाची रेघ केसासारखी बारीक आहे. तिसऱ्या गटाचा साचा याच्या जवळपासही येत नाही.

६ ऑक्टोबर

पुण्यातल्या एका नेमबाज मित्राला तिसऱ्या गटाची मापं कळवली. तो स्पर्धांच्या निमित्तानं परदेशात राहून आलाय, स्वतः काडतुसं भरणारी माणसं त्यानं जवळून पाहिलीत. २५५ ग्रेन आणि ११.४९ मिमी ऐकल्याबरोबर म्हणाला, “या दोन .४५ कोल्टच्या आहेत, यात बघण्यासारखं काही नाही.”

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. अमेरिकी .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हरची गोळी २५० ते २५५ ग्रेनचीच असते, व्यास जुन्या मापानं .४५४ आणि आताच्या मापानं .४५२ इंच. ११.४९ मिमी म्हणजे .४५२. आकडे अगदी चपखल बसतात. त्यानं आयडियल या अमेरिकी कंपनीच्या गोळ्या ओतायच्या साच्याचा नंबरही सांगितला: ४५४१९०. त्या नंबरांची पद्धत कळली की जुने साचे वाचता येतात. पहिले तीन आकडे व्यासाचे, इंचाच्या हजाराव्या भागात, आणि पुढचे आकडे नमुन्याचे. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये सुरू केलेली ही कंपनी १९२५ मध्ये लायमन कंपनीकडं गेली, पण नंबर तसेच चालू राहिले.

पण ४५४१९० चं नाक टोकाला सपाट असतं. आपल्या दोन्ही गोळ्यांचं नाक पूर्ण गोल, कुठंही चेपलेलं नाही. आणि बाकीच्या ९ गोळ्यांशी त्यांचं नाकडोळ्यांचं साम्य इतकं आहे की दोन वेगळ्या देशांतले दोन वेगळे साचे असं मानायला माझं मन तयार होईना. मग २० ग्रेनचा फरक कुठून आला?

घनता काढायची ठरवलं. आप्पा जुनं सोनं पारखायला हेच करतात: हवेत वजन, मग दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत ठेवून वजन. जितकं घटलं तितकं आकारमान. ग्लासात उकळून गार केलेलं पाणी घेतलं, म्हणजे खाचांत बुडबुडे अडकत नाहीत. दोरा रेशमाचा. ठाण्यातला पंखा बंद करावा लागला, काटा हलत होता. उकाड्यात सगळे थांबून राहिले, कुणी कुरकुर केली नाही.

जड गोळी: हवेत १७.८० ग्रॅम, पाण्यात घट १.५७. भागाकार ११.३४. हे शुद्ध शिसं. नखानं ओरखडा उमटतो.

हलकी गोळी: हवेत १६.५०, पाण्यात घट १.५९. भागाकार १०.४ च्या आसपास. हे शुद्ध शिसं नव्हे. यात कथील आणि अँटिमनी आहे आणि तेही भरपूर. नख लागत नाही, फरशीवर हलकेच ठेवली तर टणक आवाज येतो, शुद्ध शिशासारखा बद्द नाही. त्या काळात जिल्ह्याच्या गावी सहज मिळणारा असा धातू एकच: छापखान्याचे झिजलेले खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं. लायनोटाइप या छपाईच्या ओळी ओतणाऱ्या यंत्राच्या धातूत शंभरात साधारण ८४ भाग शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील असतं आणि त्याची घनता १०.३ च्या जवळ येते. थोडं साधं शिसं मिसळलं की आपला आकडा.

म्हणजे दोन्हींचं आकारमान जवळजवळ एकच. वजन वेगळं, कारण धातू वेगळा. मित्राला फोनवर सांगितलं, तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “सगळे आकडे पुन्हा पाठव.”

१३ ऑक्टोबर

दसरा झाला. आज तिसऱ्या गटातल्या अकराही गोळ्या एका ओळीत ठेवून, प्रत्येकीची जोडरेघ माझ्याकडं करून, भिंगाखाली घातल्या.

मागच्या खाचेच्या काठावर, जोडरेघेच्या डाव्या अंगाला, तांदळाच्या कणीएवढी उंचवट्याची खूण आहे. एका बाजूला उतरती, दुसऱ्या बाजूला एकदम तुटलेली. ती पहिल्या गोळीवर आहे, दुसरीवर आहे, अकराव्या गोळीवरही आहे. खिळ्यांच्या धातूच्या दोन्ही गोळ्यांवर तर ती जास्त स्पष्ट उमटलीय, कारण अँटिमनी-कथिलाचा धातू साच्याचा बारीकसारीक तपशील शिशापेक्षा चांगला भरतो. छापखान्याच्या खिळ्याला तो वापरतात तो याचसाठी. साच्याच्या भिंतीला तिथं टवका उडालेला होता आणि प्रत्येक गोळी तो घेऊन बाहेर आली.

अकरा गोळ्या, एक साचा. .४५ कोल्टचा प्रश्न इथं मिटला.

आता तो साचा कशावरून केला? नाक आणि खाचा दुसऱ्या गटातल्या सरकारी गोळीच्याच आहेत. माझा तर्क असा की पकडीनं ओढून काढलेली वेब्लीची गोळीच नमुना म्हणून दाबून साचा केला, पण बुडाची पोकळी बुजवून टाकली, कारण पोकळी ओतायची तर साच्यात मधोमध खुंटी बसवावी लागते आणि ते कसबी काम आहे. तर्क हिशोबात बसतो का ते बघायचं होतं. टूलरूममध्ये आम्ही दुसरं काय करतो.

दुसऱ्या गटातली गोळी १७.१ ग्रॅम, भागिले ११.३४, म्हणजे १.५०८ घन सेंमी. पोकळीचं तोंड ७ मिमी, खोली ८ मिमी, शंकूचं आकारमान ०.१०३. ती भरली तर एकूण १.६११. आता आकुंचन. शिसं ३२७ अंशाला गोठतं आणि तिथून खोलीच्या तापमानापर्यंत गार होताना आखडतं. दर अंशाला लांबीत ०.००००२९ चा फरक, सुमारे ३०० अंशांचा उतार, म्हणजे पाऊण टक्क्याच्या थोडा पुढं. ११.५५ मिमीच्या साच्यातून निघालेली गोळी ११.४५ मिमीची व्हायला हवी.

मायक्रोमीटरवर ११.४५ च आहे.

तीच घट तिन्ही दिशांना लावली तर आकारमान १.५७ आणि वजन १७.८ ग्रॅम. काट्यावर १७.८. आणि खिळ्यांचा धातू कमी तापमानाला गोठतो आणि कमी आखडतो, म्हणून त्याच साच्यातून निघालेल्या त्या दोन गोळ्या ११.४९ च्या. ज्या चार शतांशामुळं त्या वेगळ्या दिसत होत्या, त्याच चार शतांशानं त्या घरच्या असल्याचं दाखवलं.

मामा सोबत होते. म्हणाले, “अरे भाच्या, एवढं कशाला मोजायलास? आजोबाच्या येळची हाय म्हणून मी आधीच सांगितलं होतं.” खरंय, सांगितलं होतं. आता घरी ओतल्याची गोष्ट डावीकडून उजवीकडं नेली. त्यातला एवढाच भाग नेलाय.

१४ ऑक्टोबर

निवडणुकीची आचारसंहिता लागायची चिन्हं आहेत. एकदा लागली की परवानाधारकांची शस्त्रं जमा करून घ्यायचं काम सुरू होईल आणि आमच्यासाठी टेबल मिळणार नाही. म्हणून शेवटचं काम आजच उरकलं: मातीत सापडलेली झाडलेली गोळी.

मऊ ब्रशनं पांढरी माती काढली. नाक एका अंगाला बसलंय, मागचा अर्धा भाग मात्र जवळजवळ शाबूत. सपाट बूड, ओतमुखाची खूण, जोडरेघ. अंगावर नळीच्या आतल्या आट्यांच्या, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या पेचदार खाचांच्या, तिरक्या खुणा, गोळी नाक वर करून धरली तर उजवीकडं कललेल्या. पातळ कागद गुंडाळून त्यावर पेन्सिल घासली आणि दोन खुणांमधलं अंतर मोजलं: ५.१ मिमी. गोळीचा परीघ ३६ मिमी, म्हणजे पूर्ण फेऱ्यात ७ खुणा. सहा असत्या तर अंतर ६ आलं असतं, पाच असत्या तर ७.२. कोल्टच्या नळीत सहा आटे असतात आणि ते डावीकडं वळतात. स्मिथ अँड वेसनच्या पाच, उजव्या. सात आणि उजव्या म्हणजे वेब्ली.

प्रत्येक खूण पुढच्या टोकाला रुंद, मागं अरुंद. रिव्हॉल्व्हरची गोळी सिलिंडरमधून नळीत उडी घेते तेव्हा आधी सरळ घसरते आणि मग आट्यांच्या तालावर फिरायला लागते, त्या घसरण्याची ही खूण. पिस्तुलाच्या गोळीवर ती इतकी ठळक नसते.

आणि खुणा उथळ आहेत. फक्त नळीतले उंचवटे शिशात रुतलेत, मधल्या पट्ट्या नळीला लागल्याच नाहीत. बुडाच्या कडेला एका बाजूनं शिसं धुऊन निघाल्यासारखं खरवडलंय, तिथून गरम वायू पुढं निसटला. वेब्लीच्या सरकारी गोळीला पोकळ बूड दिलं होतं ते याचसाठी: दारूच्या दाबानं पोकळीच्या भिंती फाकतात आणि नळी घट्ट बंद होते. गढीतल्या गोळीला पोकळी नव्हती, व्यासही दशांश मिलिमीटरनं कमी. ती सैल गेली. नेम चांगला लागत नसणार, नळीत शिसं माखत असणार.

पण ती सैल गेली म्हणूनच मधल्या पट्टीवर, मागच्या खाचेच्या काठावर, तांदळाच्या कणीएवढा तो उंचवटा अजून तसाच आहे. भिंगातून कारकुनांना दाखवला, मग साहेबांना, मग मामांना. मामांनी बराच वेळ भिंग हातातून सोडलं नाही.

२७ ऑक्टोबर

नोंदपत्रकं लिहून झाली. एक प्रत ठाण्यात अर्जासोबत जोडली, एक शाळेच्या इतिहास कक्षासाठी. गोळ्या ठाण्यातच आहेत. त्या संग्रहालयाकडं द्याव्यात असा अर्ज मामांनी सही करून दिलाय.

पुण्याच्या मित्राच्या आग्रहावरून एक परिच्छेद जास्त घातला. तो म्हणतो, जिथं कायद्यानं स्वतः काडतुसं भरता येतात तिथल्या लोकांना अशी जुनी ओतीव गोळी डब्यानं मिळते आणि ते वजन करून, नाव लावून, मोकळे होतात. या पेटीतल्या तिसऱ्या गटाकडं त्यांनी बघावं. एकाच साच्यातल्या दोन गोळ्यांत २० ग्रेनचा फरक, एक मऊ, एक कडक. हलक्या गोळीसाठी ठरवलेलं दारूचं माप जड गोळीमागं घातलं तर सिलिंडरमधला दाब वाढतो. लांबट गोळी पुंगळीत खोल गेली तर आतली जागा कमी होऊन तो आणखी चढतो. ज्या गोळीचा व्यास, बूड, धातू आणि साचा या चारही गोष्टी कळलेल्या नाहीत ती काडतुसात बसवायची नाही, मग डबा कितीही स्वस्त मिळालेला असो.

तिसऱ्या गटाचं नोंदपत्रक, जसं लावलं तसं:

गोळ्या ११ आणि झाडलेली १. स्थानिक ओतकाम, दोन पाळ्यांचा साचा, बुडाकडून ओतलेल्या, ओतमुख सुरीनं कापलेलं. नमुना .४५५ वेब्लीची पोकळ बुडाची २६५ ग्रेनची सरकारी गोळी, पोकळी वगळून. ९ नग शुद्ध शिसं, ११.४५ मिमी, १७.८ ग्रॅम. २ नग अँटिमनी-कथिलमिश्रित कठीण शिसं, ११.४९ मिमी, १६.५ ग्रॅम. सर्वांवर मागच्या खाचेच्या काठावर साच्याच्या टवक्याची समान खूण. झाडलेला नग सात उजव्या आट्यांच्या नळीतून, वेब्ली. साचा सापडलेला नाही. अंगणातल्या ढिगाऱ्याचा उत्तरेकडचा भाग अजून चाळायचा आहे.

मामांनी चाळणी आणून ठेवलीय. जमीन वाळली की सुरू करू.